पाणी सुटेपर्यंत

पापनाशम्, जून.

शेतमजुरांच्या जगण्यावरचा भूमिका-खेळ बांधतेय. दोन दिवसांत एक हंगाम. सोबतचे म्हणतात, चिखल आणू, रोपांच्या मुठी आणू. जरूर आणू, पण वाकून, मागे सरकत लावणी करणं पहिली दहा मिनिटं कुणालाही गंमतच वाटेल. मला खेळात हवंय ते वाट पाहणं.

इथल्या कुरुवै भाताची मदार कावेरीवर, कावेरीची मेट्टूर धरणावर. रिवाजानं दारं १२ जूनला उघडतात; साठा कमी असला की तारीख लांबते. म्हणून पहिला नियम: पाणी कधी सुटणार, हे खेळणाऱ्याला सांगायचं नाही. तोवर काम नाही, मजुरी नाही, दुकानातली उधारी मात्र वाढती.

दुसरा नियम मजुरी मागण्याचा. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, कीळवेण्मणीला, २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीच्या लढ्यापायी ४४ दलित माणसं झोपडीत जाळली गेली. बहुतेक बायका आणि मुलं. तो प्रसंग खेळात घेणार नाही. ते मरण कुणी हौसेनं वठवू नये. धास्ती मात्र मालकाच्या ओसरीसमोर उभं राहताना पायांत यायलाच हवी.

मालक व्हायला कुणी तयार नाही. तीच भूमिका मी सर्वांत आधी वाटणार आहे.