ज्यानं केलं, त्यालाच

सोयाबीनची काढणी उरकली की माझ्या वर्गात बऱ्याच पोरांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या दिसतात. सेलू तालुक्यातलं वालूर हे शेतीवर जगणारं गाव. दिवाळीच्या आगेमागे मुलंही आईबापासोबत रानात राबतात. इंग्रजीतली रिफ्लेक्सिव्ह प्रोनाउन्स पाठ्यपुस्तकात कुठंही येवोत, मी ती याच दिवसांत शिकवायला घेतो, कारण तेव्हा सांगण्यासारखं एक वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असतं: "सर, विळा लागला."

या वाक्यात सगळं करणारा विळा आहे, मुलगा नुसता सोसणारा. मराठीत इजा बहुतेक अशीच येते. मला लागतं, तिला भाजतं, त्याला खरचटतं. इंग्रजी मात्र करणाऱ्यालाच पुढं उभं करते: आय कट मायसेल्फ. याचं 'मी स्वतःला कापलं' असं मराठी केलं, तर ऐकणारी आई धावत सुटेल. म्हणून 'मायसेल्फ म्हणजे स्वतःला' अशी यादी फळ्यावर लिहून हा धडा सुरू करणं मला मुळीच पटत नाही. यादी पाठ होते, आणि खाली वहीत 'द सिकल कट मी' असंच उतरतं. इंग्रजीत ते वाक्य चुकीचं नाही, पण त्यात मूल अजून मराठीतच उभं आहे.

मी विचारतो, "विळा कुणाच्या हातात होता?"

"माझ्याच."

"लागला कुणाला?"

"मलाच."

हे दोन 'च' वर्गात मोठ्यानं ऐकू आले की मगच मी खडू उचलतो. ज्यानं केलं, त्यालाच झालं, एवढी एक गोष्ट मुलाला जाणवली, तर मायसेल्फ कुठं येतो हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

हा धडा मी भूतकाळातच शिकवतो, आणि त्यामागं माझा एक आग्रह आहे. आपलं भूतकाळी क्रियापद फार बोलकं. पडला, पडली, पडले: कोण पडलं ते क्रियापदच सांगतं. कर्त्याला 'ने' लागला की ते कर्माकडे वळतं. त्याने भाकरी खाल्ली, तिने आंबा खाल्ला. पण 'तिने स्वतःला सावरलं', 'त्यांनी स्वतःला सावरलं' इथं ते कुणाचंच ऐकत नाही. शाळेत आपण ज्याला भावे प्रयोग म्हणून शिकलो, तो हाच. मोरो केशव दामल्यांचं १९११ चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' उघडावं आणि प्रयोगांची ही गुंतागुंत सावकाश वाचावी, असं मी नव्या शिक्षकांना कळकळीनं सांगतो. इंग्रजी शिकवणाऱ्यालाही तिचा तितकाच उपयोग होतो.

इंग्रजीचं भूतकाळी क्रियापद याच्या अगदी उलट. फेल म्हणजे पडला, पडली, पडले सगळंच. कट आणि हर्ट यांचं तर रूपही बदलत नाही. वर्तमानात 'ही कट्स' म्हणताना जो एस असतो, तोही भूतकाळात गळून जातो. मग कर्ता कोण होता याची खूण क्रियापदानंतरच्या शब्दाला वाहावी लागते. आपल्याकडं 'स्वतः' एकच, सगळ्यांना पुरणारा. त्यांच्याकडं आठ: मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ, अवरसेल्व्हज, युवरसेल्व्हज, देमसेल्व्हज. क्रियापद असं मुकं झालं की मुलांचे कान आपोआप या शब्दांकडं लागतात.

त्यात काही मुलं 'हिजसेल्फ' लिहितात. माय, युवर, अवर यांच्यापुढं सेल्फ लागतो, तर हिजपुढं का नको? हा विचार सरळ आहे, आणि इंग्रजीच्या काही बोलींत लोक तसं बोलतातही. परीक्षेत हिमसेल्फच लिहायचं, हे मी सांगतोच, पण मुलाच्या तर्काला दाद दिल्याशिवाय नाही.

'मायसेल्फ अमुक तमुक' अशी ओळख करून देण्याची सवय मात्र मी पहिल्याच महिन्यात मोडतो. मायसेल्फच्या आधी आय हवा आणि मध्ये क्रियापद हवं. वाक्याच्या तोंडाशी तो एकटा कर्ता होऊन बसू शकत नाही.

सगळ्यात अवघड जातं ते 'आपण'. "आईनं सांगितलं की आपण उद्या येणार नाही." हा 'आपण' पोटवाक्यात बसून मुख्य वाक्यातल्या आईकडं बोट दाखवू शकतो. हरसेल्फला ते जमत नाही; साधारणपणे त्याचा धनी त्याच वाक्यखंडात लागतो. मराठीच्या या ताकदीवर भाषाशास्त्रज्ञ काशी वाली यांनी बारकाईनं लिहिलं आहे. 'रामनं श्यामला आपल्या घरी नेलं' म्हटलं की घर रामचं, 'त्याच्या घरी' म्हटलं की श्यामचं किंवा आणखी कुणाचं. इंग्रजीत दोन्हीकडं हिजच. हे सांगताना मला मनापासून अभिमान वाटतो, आणि मुलांनाही तो वाटावा अशी माझी इच्छा असते. इंग्रजीपुढं बिचकणाऱ्या पोराला आपल्या भाषेत काय काय होतं हे कळलं पाहिजे.

शेवटचा तास गावातल्या चक्राकार बारवेचा. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांच्या या बारवेतला गाळ-कचरा अलीकडं गावकऱ्यांनी काढला, त्यामुळं वाक्य मुलांच्या ओळखीचं असतं: द व्हिलेजर्स क्लीन्ड द बारव देमसेल्व्हज. मी देमसेल्व्हज पुसतो. वाक्य उभं राहतं, फक्त जोर जातो. मग शेजारच्या 'आय कट मायसेल्फ'मधला मायसेल्फ पुसतो. "काय कापलं, सर?" असं लगेच मागून येतं. तिसऱ्यांदा देमसेल्व्हज परत लिहून 'द बारव' पुसतो: द व्हिलेजर्स क्लीन्ड देमसेल्व्हज. क्षणभर सगळे वाचतात, आणि मग "सर, आता त्यांनी अंघोळ केली!" असा गलका होतो.