बाटल्या, माग आणि आप्पा

फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे सीनियरचा रिपोर्ट घ्यायचा, नावं बदलायची आणि काळं बाइंडिंग करायचं, एवढंच आम्हाला माहीत. आमच्या ग्रुपचंही तसंच ठरत आलं होतं. पण सरांनी विषय वाचताना 'टाकाऊ प्लॅस्टिकपासून ध्वनिशोषक नॅनोफायबर' म्हटलं आणि माझा हात आपोआप वर गेला. कारण आप्पा.

आप्पा इचलकरंजीत पंचवीस वर्षं मागावर आहेत. साध्या मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे आपटतो, आणि खात्यात असे माग ओळीने. वर पत्रा. आता आप्पांना हाक ऐकू येत नाही, खांद्याला हात लावावा लागतो. म्हटलं, पत्र्याला आतून आपलं कापड लावू!

मेसमागच्या पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या. लेबलाचा गोंद काढण्यातच आठवडा गेला. मग त्यांचे तुकडे अ‍ॅसिडमिश्रित द्रावणात विरघळवले (पर्यावरणपूरक प्रोजेक्ट, आणि वाफांनी डोळ्यांत पाणी!). ते द्रावण सिरिंजमध्ये भरून सुईला वीस हजार व्होल्ट दिले की टोकावरचा थेंब ताणला जातो, त्याची तार हवेतच सुकते आणि समोरच्या फॉइलवर जळमटासारखी साचते. माणसाचा केस साधारण सत्तर हजार नॅनोमीटर जाड. हा तंतू काहीशेच. दिवसभर मशीन चालवून वहीच्या पानाएवढा तुकडा मिळायचा, तोही फुंकर मारली तर उडेल असा.

आवाज म्हणजे हवेचीच हालचाल. ती बारीक तंतूंतून जाताना घासते आणि तिची ऊर्जा उष्णतेत जाते. खर्जातल्या आवाजाला मात्र जाडी लागते. ५०० हर्ट्झची लाट ६८ सेंटिमीटर लांब, तिला नीट पकडायला तिच्या चौथा हिस्सा, म्हणजे १७ सेंटिमीटर जाड थर हवा. एवढी गादी छताला कोण लावणार? आमचं जळमट बाटल्यांच्याच जाड फेल्टवर पसरलं, तर कमी जाडीतही शोषण वाढलं. नळीच्या एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला नमुना. स्क्रीनवरचा ग्राफ वर सरकला तेव्हा आम्ही लॅबमध्ये नाचलो.

सरांनी एकच प्रश्न विचारला. "तुझे वडील छतापासून किती लांब उभे असतात, आणि मागापासून किती?"

नाचणं तिथंच थांबलं. छत आवाज परत पाठवतं, तेवढाच आपण शोषणार. हातभर अंतरावरच्या मागाचा आवाज थेट कानात जातो, त्याच्या वाटेत आमचं कापड येतच नाही. रिपोर्टमध्ये हे लिहिलं, दोन पानं. पार्टनर म्हणाला, "कशाला लिहितोस, मार्क जातील." लिहिलं.

दिवाळीला घरी जाताना तुकड्याबरोबर कानात घालायचे बोळेही नेले. आप्पांनी तुकडा उजेडात धरून पाहिला. "चांगलं विणलंय," म्हणाले. विणलेलं नाही हे मी सांगितलं नाही. बोळे त्यांनी एक दिवस घातले, दुसऱ्या दिवशी खिशात.

"धोटा बिघडला की आधी आवाज बदलतोय रं. कान बुजवल्यावर मला कळणार कसं?"

मी त्यांना आणखी एकदा घालून बघा म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून खांद्याला हात लावून पुन्हा म्हटलं.