आपल्या सेक्टरखालचं मीठ

प्रिय ओवी,

‘नवी मुंबईला इतिहासच नाही गं मावशी, सगळं सिडकोनंतरचं,’ असं फोनवर म्हणालीस. वर्गातल्या साताऱ्याच्या मुलींना निबंधासाठी किल्ले आहेत आणि तुला नुसते सेक्टर, ही तुझी तक्रार. पान वाढताना सगळ्यात आधी काय वाढतात? मीठ. तुझा निबंध तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे खाण्याचा इतिहास म्हटलं की बटाटा आणि मिरची पोर्तुगीजांनी आणली, एवढं सांगून गाडी वडापावपाशी थांबते. पण मिरचीवाचून माणूस जगतो, मिठावाचून नाही. आणि ज्यावाचून कोणाचंच चालत नाही, त्यावर सरकारची नजर हमखास जाते.

शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळचे आपले अधिकारी नरहरी आनंदराव यांना पाठवलेलं पत्र मिळवून वाच. बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातून, मीठ स्वस्त येऊ लागलं आणि व्यापारी संगमेश्वराकडचं घेईनात. महाराजांनी त्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, आपली मिठागरं बुडू नयेत म्हणून. एकीकडे मोगलांशी झुंज चाललेली, आणि लक्ष मिठाच्या भावावर! मला हे पत्र एखाद्या लढाईइतकंच महत्त्वाचं वाटतं.

इंग्रजांची जकात मात्र खाणाऱ्याच्या मुळावर आली. स्वस्त मीठ चोरून इकडचं तिकडे जाऊ नये म्हणून त्यांनी सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे ३,७०० किलोमीटरची जकातरेषा आखली, तिच्यावर बऱ्याच भागात काटेरी झाडांचं कुंपण वाढवलं आणि राखणीला बारा हजारांच्या आसपास माणसं ठेवली. १८६७ ते १८७० या काळात तिचा मुख्य अधिकारी कोण होता? ॲलन ह्यूम. तोच, ज्याच्या पुढाकाराने १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेस स्थापन झाली. पंचेचाळीस वर्षांनी त्याच काँग्रेसने मिठासाठी कायदा मोडला. एप्रिल १९३० मध्ये दांडी, १२ मे रोजी आपलं शिरोडा, आणि जूनच्या सुरुवातीला वडाळ्याच्या मिठागरावर हजारो माणसं चालून गेली. वडाळा, जिथून तू हार्बरने कितीदा गेली असशील.

या सगळ्या गोष्टीत मीठ पिकवणारा मात्र कुठेच दिसत नाही, आणि तो तर आपल्या शेजारचाच.

पनवेल, उरण, पेणच्या खाडीकाठी आगरी माणसाचं जगणं भात आणि मीठ या दोहोंवर चालायचं. पावसाळ्यात भात, पावसाळा सरला की मीठ. उधाणाचं पाणी आगरात, म्हणजे मिठागरात, घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत फिरवत उन्हात आटवायचं. त्याआधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, नाहीतर मिठात चिखल येतो. पाणी दाट झालं की वर पापुद्रा धरतो, मग खडे तळाशी बसतात, आणि ते फळीने ओढून बांधावर ढीग करायचा. मे संपायच्या आत ढिगावर गवत शाकारायचं. वळवाची एक सर लवकर आली तर हंगामाचं पाणी होतं. आगराची मालकी बहुधा दुसऱ्याची, भाजणारे पाय यांचे. भातशेतीचंही सोपं नव्हतं: खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध राखायचे, पाणी सोडायच्या उघाड्या सांभाळायच्या, बांधाला एक खांड पडली की शेत खारावलंच. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायचं नाकारलं आणि १९३९ पर्यंत माघार घेतली नाही. तेही भातासाठीच.

१९७० मध्ये नवं शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी नेमल्या गेल्या. शेतं गेली, खाजणं गेली, मिठागरं गेली. मोबदला न पटलेल्या लोकांनी दि. बा. पाटलांच्या मागे उभं राहून लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि न्हावा-शेवा भागात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. आधी मिठावर कर, मग मिठाची जमीनच. या वेळी झळ बसली ती खाडीकाठच्या माणसाला. आपण घाटावरून आलेले. नेरूळच्या ज्या घरात तू चालायला शिकलीस, त्या घराखालची जमीन कोणाकोणाकडून आली, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

उरलेल्या आगरांना २००६ मध्ये आणखी एक घाव बसला: आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आली. गलगंडाच्या दृष्टीने ते योग्यच होतं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण बांधावर ढीग घालणाऱ्याने आयोडीनचं यंत्र कुठून आणायचं? पिशवीवाल्या कंपन्यांचं फावलं. आता तर मुलुंड-भांडुपकडची मिठागरांची जमीनसुद्धा धारावीच्या घरांसाठी द्यायची ठरली आहे.

निबंध दिवाळीच्या सुट्टीत पुरा करायचा म्हणतेस, पण दिवाळीत आगरात बघायला काही नसतं, नुसतं पाणी. सरांकडून मुदत वाढवून घे आणि मार्चमध्ये ये. उरणकडची जी थोडी आगरं राहिली आहेत ती बघू, येताना जासईच्या हुतात्मा स्मारकावर थांबू. तुझ्या आईला सांग, लोणच्यासाठी जाडं मीठ हवं असेल तर पिशवी बरोबर दे.

तुझी,
मावशी