जोडगाडीची जुळणी

नवें वाहन घरांत आलें म्हणजे आपण त्यास वळण लावतों असें आपणांस वाटतें; वास्तविक कांहीं दिवस तेंच आपणांस वळण लावीत असतें. साइडकार जोडलेली मोटारसायकल चालविणारास या गोष्टीचा जसा प्रत्यय येतो, तसा क्वचितच दुसऱ्या कोणास येत असेल.

वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं आम्ही अशी गाडी घेतली, तेव्हां घरांतील तरुण मंडळी मनमुराद हंसली. 'शोले' हा १९७५ सालचा बोलपट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना साइडकार म्हटली कीं दोन मित्र व एक गाणें एवढेंच आठवतें. त्या गाण्यांत साइडकार मूळ गाडीपासून सुटून स्वतंत्र धांवते आणि पुन्हा येऊन मिळते. त्यामुळें आमच्या धाकट्या नातवाचा पहिलाच प्रश्न असा कीं, "आजोबा, वाटेंत आजी सुटली तर?"

आमचें प्रयोजन मात्र गाण्याचें नव्हतें. मुरबाड तालुक्यांत सिद्धगडाच्या रानांत २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील हे दोघे वीर पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. कोतवाल हे माथेरानचे वकील. बेचाळीसच्या लढ्यांत 'आझाद दस्ता' उभारून त्यांनीं विजेचे मनोरे पाडले व सरकारास हैराण करून सोडलें. दरवर्षीं त्या तारखेस गडाच्या पायथ्याशीं लोक जमतात. नोकरींत असतांना आम्ही शाळेचीं मुलें घेऊन जात असूं, आणि मुलांच्या शिदोरीची सर्व व्यवस्था सौभाग्यवतीकडे असे. पुढें तिचे गुडघे गेले. मोटारसायकलीच्या मागील बैठकीवर चढणें अशक्य झालें. बंद मोटारींत बसावें तर म्हसा गांव येण्याच्या आधींच तिला मळमळूं लागतें. पांच वर्षें ती घरीं राहिली. तक्रार कधीं केली नाहीं. फक्त आदल्या रात्रीं आमची भाकरी बांधून देतांना "दोन फुलें माझींहि वाहा" एवढें म्हणे. पेन्शनीच्या शिलकेंतून साइडकार घेण्याचें मूळ त्या वाक्यांत आहे.

तीस वर्षें दुचाकी चालविलेल्या मनुष्यास तिसरें चाक साह्यकारी वाटावें. परंतु आरंभीं तें प्रतिपक्षासारखेंच वागतें. दुचाकी वळते ती अंगाच्या झुकण्यानें. ही जोडगाडी झुकत नाहीं. हँडल दोन्ही हातांच्या बळानें फिरवावें लागतें. आपल्याकडे वाहनें रस्त्याच्या डाव्या अंगानें जातात, म्हणून साइडकारहि डावीकडे. वेग वाढविला कीं मागें रेंगाळणारी साइडकार गाडीस डावीकडे ओढते. आमच्या साइडकारीच्या चाकास ब्रेक नाहीं, त्यामुळें ब्रेक दाबला कीं तीच पुढें रेटते व गाडीचें तोंड उजवीकडे फिरूं पाहतें. डावें वळण वेगानें घेतलें तर रिकाम्या साइडकारीचें चाक जमीन सोडतें. व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर ही गाडी तत्पुरुष नव्हे, द्वंद्व होय. येथें एक पद प्रधान व दुसरें त्याच्या आश्रयानें राहणारें असा प्रकार नाहीं. दोन्ही पदांचा मान राखावा लागतो. यासाठीं पहिले दोन आठवडे आम्ही साइडकारींत तांदळाचें पन्नास किलोंचें पोतें ठेवून मोकळ्या मैदानावर धुळाक्षरें गिरविलीं.

खरी विद्या पुढें होती. आमचाच एक जुना विद्यार्थी आज उत्तम फिटर आहे. त्यानें आम्हांस जुळणीचीं तीन मापें समजावून दिलीं. पहिलें असें कीं, साइडकारीचें चाक मोटारसायकलीच्या मागील चाकाच्या कांहीं इंच पुढें असावें. नाहीं तर उजव्या वळणावर गाडी डावीकडे पुढच्या अंगास कलंडण्याचें भय. दुसरें, तें चाक समांतर न ठेवतां पुढील बाजूस किंचित् मोटारसायकलीकडे वळलेलें असावें. दोन्ही गाड्यांच्या चाकांस लांब सरळ फळ्या लावून पुढचें व मागचें अंतर मोजावयाचें. पुढचें अर्धा-पाऊण इंच कमी भरलें म्हणजे साइडकारीची डावी ओढ फिटते. तिसरें, मोटारसायकल ओळंब्यांत सरळ उभी न करतां उजवीकडे अगदीं थोडी कलती ठेवावी. कारण आपले रस्ते मध्यें उंच व कडेस उतरते असतात.

पोत्याच्या वजनावर हीं सर्व मापें बसलीं. फिटर म्हणाला, "गुरुजी, आतां काकूंना बसवून पुन्हा घ्यायला हवीं. पोतं दाबून बसतं, माणूस हलतं." त्याप्रमाणें सौभाग्यवती अंगणांत मेथीची जुडी निवडीत दोन तास साइडकारींत बसून राहिली. तिच्या भारानें स्प्रिंग बसली आणि मोटारसायकलीचा उजवा कल जवळजवळ नाहींसा झाला. बोल्ट सैल करावा, दोन आटे फिरवावा, पुन्हा आवळावा, म्हशाच्या रस्त्यावर फेरी मारावी, परत येऊन ओळंबा धरावा, असें चार वेळां झालें. फळ्यांकडे टक लावून पाहत ती म्हणाली, "म्हणजे दोघांनींहि थोडं वांकडं उभं राहिल्याशिवाय गाडी सरळ जात नाहीं तर! एवढं शिकायला फिटर कशाला हवा होता?" सुना पदर तोंडाला लावून आंत पळाल्या.

कायद्याचेंहि एक प्रकरण सांगावयास हवें. वाहनांत असा बदल केल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांत त्याची नोंद करून घ्यावी लागते. त्याच कायद्यानें साइडकारींत बसणारास पूर्वीं शिरस्त्राणाची सूट होती. २०१९ च्या दुरुस्तीनें ती राहिली नाहीं. तेव्हां अंबाडा खालीं सरकवून सौभाग्यवतीनें हेल्मेट चढविलें, आणि आरशापुढें नको तितका वेळ घालविला.

२ जानेवारीस पहांटे आम्ही निघालों. म्हसा, नारिवली करीत धुक्यांतून सिद्धगडाची काळी भिंत पुढें येऊं लागली. हँडलावर बोटें नुसतीं टेकलेलीं असतां गाडी आपल्या रेषेंत चालली होती. डावें वळण आलें कीं आम्हीं कांहीं न सांगतां ती डावीकडे अंग टाकी. हें तिला कोणीं शिकविलें, देव जाणे. स्मारकापाशीं तिनें आपल्या हातांनीं फुलें वाहिलीं. जुन्या विद्यार्थ्यांपैकीं दोघे भेटले. "बाई, शिदोरी आणली का?" असें त्यांनीं विचारलें, आणि तिनें ती आणली होती!

ज्यांना असें वाहन घ्यावयाचें असेल त्यांनीं एवढेंच ध्यानीं ठेवावें कीं, जुळणी ज्याला बसवावयाचें त्याला बसवूनच करावी, आणि ती एकदां करून संपत नाहीं. दगडधोंड्यांच्या रस्त्यावर बोल्ट सैल होतात, टायर एका अंगानें झिजतो, मापें सरकतात. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं फळ्या व ओळंबा बाहेर काढतों. सौभाग्यवतीहि भाजी घेऊन येऊन बसते.