दोनदा तळलेला बटाटा

मोहगावात राहून बटाट्यावर लेख लिहावा, ह्याचे वाचकांस नवल वाटेल. आमचा सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख संत्र्यांचा आणि कापसाचा. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यास मिळाला आणि आम्ही मराठी बोलणारे मध्य प्रदेशात राहिलो. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरहद्दीवरच्या माणसाच्या तोंडी नेहमी दोन शब्द असतात. शाळेत आम्ही मुलांस आयुष्यभर 'बटाटा' शिकविला. पण बाजारात 'आलू' म्हटल्यावाचून कोणी तराजू उचलीत नाही. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांनी आपल्या किनाऱ्यावर आणला, आणि ते कंदही त्यांच्याच गलबतांतून आपल्या देशात आले असे मानतात. अशा ह्या परदेशी पाहुण्याने आमच्या घरात एक काम केले, ते सांगावे म्हणून आज लेखणी हाती घेतली आहे.

प्रथम आमचा अपराध कबूल केला पाहिजे. आमचा धाकटा मुलगा नागपुरास एका हॉटेलाच्या स्वयंपाकघरात आचारी आहे. थोरला शिकून शिक्षक झाला. धाकट्यानेही तसेच काही करावे अशी आमची इच्छा होती. तो बारावीनंतर भांडी घासण्याच्या कामावर लागला, तेथून भाजी चिरण्यावर आणि तेथून भट्टीपाशी गेला. ज्या दिवशी त्याने ही बातमी सांगितली त्या दिवशी आम्ही त्याला जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. पुढे बोलणे जवळजवळ बंदच झाले. त्याचा फोन आला की तो आईशी बोले, आणि आम्ही वर्तमानपत्रात डोके घालून बसत असू. गावात कोणी विचारले तर आमचे ठरलेले उत्तर असे : "नागपूरला कंपनीत आहे." कोणत्या कंपनीत, हे विचारण्याइतका वेळ आम्ही कोणास देत नव्हतो. सदतीस वर्षे मुलांस सत्य बोलावे म्हणून शिकविणाऱ्या मास्तराची ही कथा!

मागील नाताळात थोरल्याची मुले घरी आली. धाकट्यास अर्थातच येता आले नाही; सणासुदीस हॉटेलातल्या माणसास सुटी कोठची? पण नातीने हट्ट धरला की, काका करतो तसले फिंगर चिप्स हवेत. आजोबांच्या अभिमानास हे आव्हानच होते. आम्ही एक किलो बटाटे आणिले, बोटांएवढे तुकडे केले आणि कढईत सोडले. पाहता पाहता तुकडे काळपट तांबडे झाले. बाहेरून करपलेले, आतून कच्चे, आणि ताटात येईतो चिंधीसारखे मऊ. नातीने एक तुकडा तोंडात घातला आणि फार विनयाने म्हणाली, "आजोबा, आपण काकाला विचारू या का?" तिने फोन लावून आमच्या हाती दिलासुद्धा. दोन वर्षांत त्याच्याशी बोललेले आमचे पहिले पूर्ण वाक्य असे होते : "बटाटे काळे का पडतात रे?"

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्याने शांतपणे विचारले, "बाबा, बटाटे शीतगृहातले होते का?" होते खरे. तेव्हा त्याने जे समजावून सांगितले ते आम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असूनही कधी स्वयंपाकघरात नेले नव्हते. बटाटा फार थंडीत, म्हणजे दोन-चार अंश सेल्सियसवर ठेविला की त्यातल्या पिष्ठाची थोडी थोडी साखर होऊ लागते. ही साखर तापलेल्या तेलात लवकर रंग धरते, म्हणून आत शिजण्यापूर्वीच बाहेर करपते. असे बटाटे घरात, अंधाऱ्या व हवेशीर जागी दोन-तीन आठवडे ठेविले तर साखर पुष्कळ अंशी कमी होते. "आणि बाबा," तो म्हणाला, "एकदाच तळून भागत नाही. दोनदा तळावे लागतात. मी आलो की दाखवीन."

तो आला तो उपवासकाळात, मार्च महिन्यातल्या एका शुक्रवारी. घरात मांस शिजणार नव्हते, आणि छिंदवाड्याकडचा नवा बटाटा बाजारात पुष्कळ होता. त्याने निवड स्वतः केली. साल बोटाने सुटते असा कोवळा बटाटा त्याने भाजीसाठी बाजूस ठेविला. पक्क्या सालीचे, लांबट व मोठे तेवढे घेतले. हिरवट पडलेले आणि मोड आलेले त्याने टाकूनच दिले, कारण त्यांत विषारी द्रव्य वाढलेले असते. मग एक गंमत केली. एका पातेल्यात अकरा वाट्या पाणी घेऊन त्यात एक वाटी मीठ विरघळविले व बटाटे सोडले. काही तरंगले, काही तळाशी गेले. बुडाले ते भारी, पिठूळ बटाटे तळणासाठी; तरंगले ते पाणचट, ते रश्श्यासाठी. शाळेत घनता शिकविताना हा प्रयोग आम्हास कधी सुचला नव्हता, ह्याची खंत वाटली.

साली काढीत असता आम्ही आमची विद्या पाजळली. म्हटले, नाव 'फ्रेंच' असले तरी बेल्जमचे लोक हा पदार्थ आपलाच म्हणून भांडतात. इंग्रजी पाकपुस्तकात मात्र 'फ्रेंच' हे विशेषण १८५६ पासून आढळते. फ्रान्समध्ये एके काळी लोक बटाट्यास भीत असत. पार्मांतिये नावाचा औषधशास्त्रज्ञ सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत असता बटाट्यावर जगला, आणि परत येऊन त्याने जन्मभर त्याचा प्रचार केला. त्याने पॅरिसजवळ बटाट्याच्या शेतावर दिवसा पहारा ठेविला आणि रात्री उठविला, म्हणजे लोकांनी मौल्यवान वस्तू समजून ती चोरून न्यावी, अशी गोष्ट सांगतात. मुलगा हसला आणि म्हणाला, "आमच्याकडे फ्रेंचही नाही नि बेल्जमही नाही, बाबा. गुजरातेतल्या मेहसाण्याहून गोठविलेली पाकिटे येतात. पहिले तळण कारखान्यात, दुसरे आमच्या भट्टीवर." एके काळी हा माल आपण परदेशातून आणीत होतो, आज आपल्या देशातून तो बाहेर जातो. सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली 'कुफरी चिप्सोना' आणि २००९ साली 'कुफरी फ्रायसोना' हे वाण खास तळणासाठी काढिले, हे मात्र आम्हीच त्यास सांगितले. अशा रीतीने बापलेकांची विद्या बरोबरीस आली.

आता कृती. आमच्या भगिनींनी ती नीट ध्यानात ठेवावी.

एक किलो बटाटे सोलून करंगळीएवढे, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे करावे. सर्व एकसारखे असावेत. नाही तर बारीक करपतात व जाड कच्चे राहतात. तुकडे थंड पाण्यात अर्धा तास ठेवून दोन-तीन पाण्यांनी धुवावे, म्हणजे वरचे पिष्ठ व साखर निघून जाते आणि तुकडे एकमेकांस चिकटत नाहीत. मग स्वच्छ धोतरावर पसरून अगदी कोरडे पुसावे. ओला तुकडा तापल्या तेलात पडला की तेल उसळते, म्हणून ह्यात आळस करू नये.

पहिले तळण मंद आचेवर, सुमारे १५० अंशांवर. घरात तापमापक नसेल तर एक तुकडा टाकून पाहावा : तो तळाशी जाऊन सावकाश लहान बुडबुडे सोडू लागला की तेल योग्य झाले. कढईत गर्दी करू नये; लिटरभर तेलात पावकिलोहून अधिक तुकडे एका वेळी नकोत. सहा-सात मिनिटांत तुकडे मऊ होतात, पण त्यांस रंग येता कामा नये. ते काढून पसरून निदान अर्धा तास गार होऊ द्यावे. दुसरे तळण कडक तेलात, सुमारे १८५ ते १९० अंशांवर. तुकडा टाकताच आवाज करीत वर आला पाहिजे. दोन-तीन मिनिटांत सोनेरी रंग येतो, की लगेच काढावे. पहिल्या तळणाने आतला भाग शिजतो. दुसऱ्याने वरचे पाणी उडून कुरकुरीत कवच धरते. मीठ काढल्यावर घालावे, आणि वर झाकण कधीही ठेवू नये. वाफेने सारी मेहनत वाया जाते.

सोनेरी रंगावरच थांबण्यास आणखीही कारण आहे. पिष्ठमय पदार्थ फार तांबूस होईतो तळले तर त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे अपायकारक द्रव्य अधिक होते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. तेच ते काळे पडलेले तेल पुन्हा पुन्हा वापरू नये. आणि तेलाने पेट घेतलाच तर पाणी मुळीच ओतू नये. आच बंद करून वर घट्ट झाकण ठेवावे. हा पदार्थ रोजचा नव्हे, सणावारी करण्याचा आहे, हेही सांगितले पाहिजे.

त्या दिवशी मुलाने एकाच टोपलीतल्या बटाट्यांचे चार प्रकार केले. आमच्या वृद्ध मातोश्रींस दात थोडे. त्यांच्यासाठी अंगठ्याएवढे जाड इंग्रजी पद्धतीचे तुकडे, वर मीठ आणि दोन थेंब सिरका. इंग्लंडमध्ये शुक्रवारी असे बटाटे तळलेल्या माशांबरोबर खाण्याची जुनी चाल आहे, आणि तीत शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक कुटुंबांचा वाटा होता. नातीस बेल्जमच्या धर्तीवर कागदाच्या पुडीत घालून, बरोबर अंड्याचा व तेलाचा घोटून केलेला पांढरा मेयोनेज. आमच्या घरच्या मंडळींस काडीसारख्या बारीक सळ्या आवडतात. ह्या किसणीवर पाडून, धुऊन, पुसून एकदाच तळतात, आणि तळलेले शेंगदाणे, जिरे, मीठ व किंचित साखर घालून त्यांचा चिवडा होतो. आमच्या वाट्यास खास मोहगावी प्रकार आला : गरम तुकड्यांवर लाल तिखट, भाजल्या जिऱ्याची पूड, मीठ आणि लिंबू. जगात कोठे बटाट्यावर चीजचे खडे व रस्सा ओततात, कोठे शेंगदाण्याची चटणी घालतात. परंतु लिंबू-तिखटापुढे आम्हास दुसरे काही रुचले नाही.

वास शेजारी गेलाच होता. शेजारचे भाऊ कुंपणावरून डोकावले. "काय करून राहिले गुरुजी?" त्यांस बसवून ताटली दिली. त्यांनी चार तुकडे मुकाट्याने खाल्ले आणि मग भट्टीपाशी उभ्या असलेल्या आमच्या मुलाकडे पाहून विचारले, "हे कोनत्या कंपनीत शिकवलं जी पोराले?"

त्यांच्या मनात काही नव्हते. आमच्याच शब्दाने आम्हास गाठले होते. मुलाने मान वर केली नाही. तो झाऱ्याने तेलातले तुकडे हलवीत राहिला. तोही ते उत्तर वर्षानुवर्षे ऐकून होता, हे आम्हास त्या क्षणी उमगले.

आम्ही म्हणालो, "भाऊ, तो कंपनीत नाही. हॉटेलात आचारी आहे. भांडी घासण्यापासून शिकला."

"मंग पहिलेच सांगाचं ना गुरुजी!" भाऊ म्हणाले. "मी दोन वर्षांपासून पोरीच्या लग्नासाठी आचारी शोधून राहिलो."

सारे हसले. मुलगाही हसला, पण त्याने घाईने तोंड फिरवून डोळे पुसले, आणि धूर फार झाला असे म्हणाला. गॅसच्या शेगडीवर धूर कोठून येणार? आम्ही मात्र उठून खिडकी उघडली.

वाचकहो, आमची लाज कोणी दूर केली म्हणावे? उपदेश तर आम्ही इतरांस पुष्कळ केले होते. जी गोष्ट पुलपिटावरून ऐकून आम्हास कळली नव्हती ती एका कढईने कळविली. हाताने केलेले प्रामाणिक काम मुलाला कधीच कमीपणा आणीत नव्हते. कमीपणा आमच्या उत्तरात होता. पुढच्या महिन्यात भाऊंच्या मुलीचे लग्न झाले. आमच्या धाकट्याने चार दिवसांची रजा काढून स्वयंपाक सांभाळला, आणि बटाटे सोलण्यास मांडवामागे जे पाच-सहा जण बसले होते त्यांत आम्हीही होतो. कोणी विचारले तर आता आम्ही उत्तर देण्यास थांबतो.