पाटल्यांच्या पैशांची सायकल

मोठ्या माणसाने नवीन काही शिकायचे म्हटले की घरात आधी हसू उमटते, मग काळजी सुरू होते आणि शेवटी हिशेब मांडला जातो. गाणे शिकायचे असेल तर निदान दार लावून घेता येते. सायकलचे तसे नाही. ती रस्त्यावरच शिकावी लागते आणि रस्ता सगळ्यांचा असतो. दूधवाला, वॉचमन, शेजारची मुले, फिरायला निघालेले पेन्शनर, सगळेच बघत असतात. त्यातून सायकल जर बारीक टायरची, वाकड्या हँडलची, शर्यतीतली वाटावी अशी असेल आणि बसणारी व्यक्ती चाळिशी ओलांडलेली असेल, तर बघणाऱ्यांची फुकटात करमणूक होते.

वास्तविक उशिरा सायकलवर बसणाऱ्यांची परंपरा चांगली जुनी आहे. रशियन कादंबरीकार टॉलस्टॉय १८९५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी सायकल शिकले. त्याच वर्षी अमेरिकेतील दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलार्ड यांचे एक छोटे पुस्तक निघाले. ५३ व्या वर्षी आपण सायकल कशी शिकलो, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. इतके लांब तरी कशाला जायचे? तमिळनाडूतील पुदुकोट्टाई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेबरोबरच बायकांना सायकल शिकवण्याची लाट आली. खेड्यापाड्यांतल्या हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. पाणी आणायला, मुलांना शाळेत सोडायला, माल बाजारात न्यायला त्यांना ती उपयोगी पडली.

पुदुकोट्टाईच्या बायकांना सायकल कशासाठी हवी होती, हे कोणालाही सांगता येईल. मध्यमवर्गीय घरातल्या बाईला मात्र तिच्या सायकलचा उपयोग सांगता येत नाही. ऑफिसला जायला बस आहे, भाजी दारात येते. मग सायकल कशाला? ‘मला हवी आहे म्हणून’ हे उत्तर तिच्या तोंडून चटकन निघत नाही आणि निघाले, तरी घरात ते कोणाला पुरेसे वाटत नाही.

सोने राहते, सायकल मोडीत जाते

बंगळुरूला स्थायिक झालेल्या, मूळच्या सांगलीच्या एका बाईंना हेच उत्तर द्यावे लागले. वय ४३. एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम. घरी नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि मधुमेहाच्या सासूबाई. शाळेत असताना त्यांच्याकडे डायनॅमोची लेडीज सायकल होती. लग्न झाल्यावर ती धाकट्या भावाकडे गेली आणि विषय संपला. वीस वर्षांत त्या एकदाही सायकलवर बसल्या नाहीत.

त्यांचे घर हेब्बाळला. तिथून रविवारी पहाटे सायकलवाल्यांचे घोळके नंदी हिल्सच्या दिशेने जातात. गॅलरीत उभे राहिले की आधी लाल दिव्यांची रांग दिसायची, मग टायरचा बारीक सूं सूं आवाज यायचा. त्यात पंचविशीतली पोरे होती, तशी पिकल्या केसांची माणसेही होती. दोन वर्षे बाई नुसत्या बघत राहिल्या.

मग त्यांचे बँकेतले रिकरिंग पूर्ण झाले. चाळीस हजार रुपये. जुन्या पाटल्या मोडून त्यात हे पैसे घालायचे आणि लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला नव्या करायच्या, असे घरात ठरलेले होते. एका रात्री जेवताना त्यांनी सांगून टाकले, ‘पाटल्या नकोत. मला सायकल घ्यायची आहे. ती वाकड्या हँडलची.’

मुलगा हसला. नवरा म्हणाला, ‘अगं, जिमला जा की. या ट्रॅफिकमध्ये जीव नको झालाय का?’ सासूबाईंनी शांतपणे आमटी वाढून घेतली आणि म्हणाल्या, ‘सोनं मोडलं तर पैसे येतात. सायकल मोडली तर भंगार येतं.’

हे बोलणे खोटे नाही. दुकानातून बाहेर पडल्यापासून सायकलची किंमत उतरते. शिवाय हौसेने घेतलेल्या कितीतरी महागड्या सायकली वर्षभरातच गॅलरीत टॉवेल वाळत घालण्याच्या कामी येतात, हेही खरे आहे. म्हणून ज्यांना मोठेपणी पहिली सायकल घ्यायची आहे, त्यांनी घरच्यांचा हा आक्षेप रागाने उडवून लावू नये. त्याला उत्तर शोधावे.

‘सीट खाली घेऊ, बसेल’

बाई एका दुकानात गेल्या. ही रोड सायकल आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीहून अगदी वेगळी असते. काळी सायकल वीस किलोच्या पुढे जाते, ही साधारण दहा-अकरा किलोची. एका हाताने उचलावी आणि जिना चढावा. टायर अडीच-तीन सेंटिमीटर रुंद, पण हवा भरपूर. हँडल खाली वळलेले आणि सीट उंच, त्यामुळे अंग पुढे झुकते. नव्याची किंमत पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होते आणि मग लाखांच्या घरात कुठेही जाते.

दुकानदाराकडे एका सायकलवर मोठी सूट होती. माप ५४. बाईंची उंची पाच फूट एक इंच. त्यांनी शंका काढली तेव्हा तो म्हणाला, ‘काही नाही मॅडम, सीट खाली घेऊ, बसेल.’

नवशिक्याची फसगत होते ती इथे. सीट खाली घेतली की पाय पोचतात, पण हँडल जिथल्या तिथेच राहते. मोठ्या सांगाड्यावर बसलेला लहान चणीचा माणूस हँडल गाठण्यासाठी ताणून बसतो, सगळा भार तळहातांवर घेतो आणि महिन्याभरात मान, खांदे, कंबर धरून बसते. मग तो समजतो की आपले वय झाले. वय झालेले नसते, माप चुकलेले असते.

माप घरीच काढता येते. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहायचे, एक जाडसर पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर धरायचे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचे. त्याला ०.६५ ते ०.६७ ने गुणले की सांगाड्याचे साधारण माप येते. या बाईंचे अंतर ७२ भरले, म्हणजे त्यांना ४७-४८ ची सायकल हवी होती. ५४ ची सूट त्यांच्या कामाची नव्हतीच. अर्थात कंपनीगणिक मापे थोडी बदलतात, तेव्हा बसून पाहिल्याशिवाय निर्णय नको.

पण हे सगळे त्यांना नंतर समजले. त्या दिवशी त्या आगाऊ रक्कम भरायच्या बेतात होत्या. घरी फोन केला तर सासूबाईंनी उचलला. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, ‘अगं, विकत कशाला घेतेस लगेच? आधी भाड्यानं घे की. आमच्या वेळी चार आण्याला तास मिळायची.’

चार आण्यांचा तास

ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना आठवेल, गावोगावी नाक्यावर भाड्याच्या सायकलींचे दुकान असायचे. वहीत नाव आणि वेळ लिहून मिळायची. अख्ख्या पिढ्या तासाच्या सायकलीवर शिकल्या. घरोघरी सायकली आणि मग स्कूटरी आल्यावर ती दुकाने बंद पडली. पण मोठ्या शहरांत भाड्याची पद्धत निराळ्या रूपात टिकून आहे. बंगळुरूसारख्या ठिकाणी ओळखपत्र आणि अनामत घेऊन रोड सायकलही दिवसाच्या भाड्याने देणारे आहेत. काही शे रुपयांत शनिवार-रविवार निघतो.

बाईंनी सलग चार आठवडे सायकल भाड्याने घेतली. पहिल्या वेळी मोठ्या मापाचीच मिळाली. रविवारी रात्री मान वळेना आणि करंगळ्या बधिर झाल्या. दुसऱ्या आठवड्यात लहान मापाची मिळाली आणि तोच रस्ता, तेवढाच वेळ, पण घरी आल्यावर त्या स्वयंपाकाला उभ्या राहू शकल्या. दुकानातल्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा हा फरक त्यांना जास्त शिकवून गेला.

पहिले धडे सोसायटीच्या पार्किंगमध्येच झाले. या सायकलीवर बसलेल्या अवस्थेत पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत, टेकूही नयेत. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली नेले असता पाय सरळ झाला, तर सीटची उंची बरोबर. चालवताना चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. म्हणून थांबताना आधी ब्रेक, मग सीटवरून पुढे उतरून एक पाय खाली, हा क्रम अंगवळणी पडावा लागतो. तो पडण्यापूर्वी बाई फाटकापाशी, वॉचमनच्या देखत, उभ्या सायकलीवरून आडव्या झाल्या. खरचटले थोडे, लाज जास्त वाटली. वॉचमनने सायकल उचलून दिली आणि पुढे रोज सकाळी तो त्यांच्यासाठी फाटक आधीच उघडून ठेवू लागला.

बाकीच्या गोष्टी हळूहळू कळत गेल्या. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे हे निघण्यापूर्वी पाहावे आणि तो एकटा करकचून दाबू नये. चढ लागण्याआधीच गिअर हलका करावा, चढावर ताकद लावून चेन ओढू नये. चेन उजवीकडे असते, म्हणून सलवार किंवा पँटच्या उजव्या पायाला रबर लावावे. ओढणी घरी ठेवावी. अंधारात मागचा लाल दिवा आणि नेहमीच हेल्मेट. कुत्री अंगावर आली तर पळायचे नाही, उतरून सायकल मध्ये धरायची आणि चालू लागायचे.

आणि हवा! या टायरचा व्हॉल्व्ह बहुधा बारीक, निराळ्या जातीचा असतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. एक छोटा पितळी तुकडा जोडावा लागतो. मिळतो तो अगदी स्वस्तात, पण जवळ नसला तर पंधरा किलोमीटर सायकल ढकलत आणावी लागते.

खरी किंमत

पाचव्या आठवड्यात बाईंनी सायकल विकत घेतली. जुनी, पण त्यांच्या मापाची. मूळ मालकाने हौसेने घेतलेली आणि जेमतेम चालवलेली. जोडांवर तडा नाही ना, चाक फिरवल्यावर डगमगत नाही ना, चेन आणि ब्रेकचे रबर झिजलेले नाहीत ना, हे एका जाणत्या मेकॅनिककडून पाहून घेतले. मूळ पावती घेतली आणि सांगाड्यावरचा नंबर तिच्याशी ताडून पाहिला. बावीस हजार रुपये झाले. हेल्मेट, दिवे, पंप, जादा ट्यूब, कुलूप यांचे पाच हजार. उरलेले तेरा हजार पुन्हा पाटल्यांच्या खात्यात गेले.

पैशांचा प्रश्न असा सुटला. वेळेचा राहिला. आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाच ते साडेसात बाई घरात नसणार. त्या वेळात चहा असतो, डबा असतो आणि मुख्य म्हणजे सातला सासूबाईंचे इन्सुलिन असते. नऊ वर्षे ते बाईंनीच दिलेले. नवऱ्याने कधी सुईला हात लावला नव्हता. ‘मला नाही जमणार ते,’ असे तो पहिल्या दिवशी म्हणाला.

बाईंनी वाद घातला नाही. चार सकाळी त्याला शेजारी उभे करून दाखवले. पेनवर आकडा किती लावायचा, तो दोनदा कसा पाहायचा, टोचल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई कशी काढायची. पाचव्या सकाळी त्याने स्वतः दिले. त्याचा हात थरथरत होता. सासूबाई दुसरीकडे बघत म्हणाल्या, ‘टोच रे, मी काही मरत नाही.’

सायकलची खरी किंमत ही होती. बावीस हजार बाईंनी दिले, उरलेली घराने चुकवली. डबा आता मुलगा भरतो. पोळ्या रात्रीच करून ठेवलेल्या असतात. त्या दिवशी कोणाचे काही अडत नाही, हे घराला कळायला एक सायकल यावी लागली.

बाई अजून नंदी हिल्स चढलेल्या नाहीत. १,४७८ मीटर उंचीचा तो डोंगर त्यांना देवनहळ्ळीच्या पुढे धूसर दिसतो आणि तिथून त्या परत फिरतात. सायकलवाले भेटले की विचारतात, दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला कधी येताय? तेरा तास तीस मिनिटांत ते अंतर कापायचे असते. त्या हसून ‘बघू’ म्हणतात. त्यांना घाई नाही. कधी मग गुडघा कुरकुरतो, कधी पाऊस असतो, कधी सासूबाईंना बरे नसते. त्या दिवशी सायकल भिंतीला टेकून उभी राहते. तिच्यावर टॉवेल मात्र कोणी टाकत नाही. एकदा मुलाने टाकला होता, तो सासूबाईंनी उचलायला लावला.

आपल्याही घरात चाळिशीच्या पुढचे कोणी असे काही मागेल. सायकल असेल, तबला असेल, पोहण्याचा तलाव असेल. त्यांना आधी चार आठवडे भाड्याने घ्यायला सांगावे, माप नीट पाहायला सांगावे, जुनी चालत असेल तर नवीच्या मागे लागू देऊ नये. हे सगळे व्यवहाराचे झाले. मात्र ‘कशाला?’ असे विचारू नये. विचारायचेच असेल तर इतकेच विचारावे, की तुम्ही बाहेर असाल तेव्हा घरातले कोणते काम आम्ही शिकून घेऊ?