वाळल्यावर कसं दिसतं ते बघ

वाई,
३० मे

चि. सोनू,


फोटो पोचले. घराला रंग लागला, पायऱ्या झाल्या, आता दारापुढची २० बाय १२ फुटांची पट्टी तेवढी मोकळी आहे आणि तिथे तुला शोभेचं गवत लावायचंय, हे वाचून आईची आठवण झाली. तुझी आजी जन्मभर खुरपं घेऊन गवत उपटत राहिली, आणि तिची नात पैसे मोजून गवत आणणार! हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मी हसले नाही. मला हा नाद फार आधीपासून आहे, आणि त्यात एकदा तोंडही पोळलंय.

ते आधी सांगते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी ओढ्याकाठचं काश खणून आणलं आणि विहिरीशेजारी लावलं. पाऊस सरता सरता त्याला पांढरेशुभ्र तुरे आले. येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि मी मिरवायची. तिसऱ्या वर्षी ते मेथीच्या वाफ्यात निघालं, मग पाटात, मग वांग्यांत. हरळीच्या काशा वेचतात ना, तशा मामंजींनी त्याच्या काशा तीन उन्हाळे खणून काढल्या. फक्त या हरळीपेक्षा जाड आणि खोल. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

पुढे कळलं की काश हे उसाचं रानटी भावंड. ज्या चिवटपणाने माझा वाफा गिळला, त्याच चिवटपणासाठी कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात उसाशी त्याचा संकर केला होता. १९१८ साली आलेला ‘को २०५’ हा ऊस त्या संकरातला. म्हणजे गवत वाईट नव्हतं, मी जागा चुकले होते. तेव्हापासून कुठलंही गवत हातात आलं की मी आधी एवढंच बघते: हे ठोंब धरून बसणारं आहे, की जमिनीखालून पळणारं? तुझ्या पट्टीत फक्त बसणारंच लाव.

तू पाठवलेल्या गवतांच्या फोटोंतले निम्मे पंपासचे आहेत. देखणं आहे, नाही कोण म्हणतं? पण ते दक्षिण अमेरिकेतल्या मोकळ्या माळांवरचं गवत. उंची दोन-अडीच मीटर आणि घेरही तसाच दांडगा. तुझ्या पट्टीत एक ठोंब लावलास तर पुढे दाराची वाट अडेल. पातीच्या कडा करवतीसारख्या. शिवाय बी वाऱ्यावर उडतं. कॅलिफोर्नियात आणि न्यूझीलंडमध्ये लोक ते उपटून उपटून थकलेत. हिरव्या पानांच्या फाउंटन ग्रासचीही तीच गत. ते मूळचं आफ्रिकेचं. हवाईत ते पसरलं आणि वणव्यांना खाद्य मिळालं. युरोपीय संघाने २०१७ साली त्याला उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत घातलं. जांभळ्या पानांचा प्रकार मात्र सहसा बी धरत नाही. हौस असेल तर तेवढा एक कुंडीत लाव.

आणि पंपाससारखेच तुरे बघायचे असतील तर डिसेंबरात इकडे ये. तुरा आलेला उसाचा फड संध्याकाळच्या उन्हात दाखवते. तू फोटो काढत बसशील, आणि ज्याचा फड तो कपाळाला हात लावेल. तुरा आला की उसाची वाढ थांबते ना!

उरलेले फोटो न्यूयॉर्कच्या हाय लाइनचे दिसतात. जुन्या उंच रेल्वेमार्गावरची ही बाग २००९ साली खुली झाली. तिथली लागवड पीट औडॉल्फ या डच माणसाने आखली. त्यांची एक गोष्ट मला फार पटते. थंडीत वाळलेली झाडं ते लगेच कापायला लावत नाहीत. वाळणं हाही बागेचा एक ऋतूच धरतात. मात्र तिकडची पुष्कळ गवतं गारव्यात वाढणारी, आपल्या एप्रिलात ती टिकायची नाहीत. तिकडची रोपं नको आणूस, नजर तेवढी आण.

तिकडे बर्फ, इकडे ऊन. आपला पाऊस चार महिन्यांचा. पुढे माळ पिवळा होतो, मग तांबूस, मग पांढुरका. जुलैत नर्सरीतलं सगळंच गवत सुरेख दिसतं, तेव्हा भुलायला होतं. तू मे महिन्यात विचारलंस हे फार बरं केलंस. उद्या सकाळी तुमच्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाऊन ये. पाण्याच्या थेंबावाचून जे अजून उभं आहे आणि वाऱ्यावर डुलतंय, ते नीट बघून ठेव. वाळल्यावर जे देखणं दिसतं, तेच आपल्या दारात लावायचं.

आता माझी निवड सांगते. कुंपणाच्या कडेला वाळा. माठात मुळी घालतो तोच. त्याची मुळं आडवी धावत नाहीत. सरळ खाली दोन-तीन मीटर उतरतात आणि माती धरून ठेवतात. आपल्याकडे लावतात त्या वाळ्याला रुजणारं बी सहसा धरत नाही, तेव्हा शेजाऱ्यांशी भांडण नाही. त्याच्या पुढे मारवेल. त्याची जांभळट, बोटांसारखी कणसं फार गोड दिसतात. ते फुलझाडांच्या नर्सरीत शोधू नकोस, चारा लावणाऱ्याकडे माग. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाण काढलेत, पण गाईसाठी. शोभेसाठी म्हणून सहसा कुणी विकत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली गवती चहा, म्हणजे पावसात दोन पाती तोडायला छत्री लागणार नाही.

कुसळी गवत वाळल्यावर तांब्यासारखं दिसतं, पण वाटेच्या कडेला नको. त्याच्या बियांच्या शेपट्या कोरड्या हवेत पिळून बसतात आणि ओल लागली की उलगडतात; त्या फिरण्याने बी मातीत घुसतं. मातीच्या जागी तुझ्या लेकाचा मोजा असला तरी त्याला चालतं. आणि अधूनमधून मूठभर बाजरी टाक. हसू नकोस. अमेरिकेत ‘पर्पल मॅजेस्टी’ नावाच्या जांभळ्या बाजरीला २००३ साली शोभेची वनस्पती म्हणून सुवर्णपदक मिळालंय. आजीची भाकरी तिकडे फुलदाणीत बसली!

गवताला लाड सोसत नाहीत. दिवसातून सहा तास ऊन हवं. पाणी साचू नये. मुरमाड माती चालेल. शेणखत लावताना काय द्यायचं ते दे, पुन्हा नको. खत जास्त झालं की पाती माजतात आणि तुऱ्यांसकट लोळतात. वाळ्याचे ठोंब फूटभरावर लाव, मारवेलचे दीड-दोन फुटांवर. पहिल्या वर्षी मधली जागा उघडी दिसेल, तिथे आणखी काही खुपसू नकोस. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी दे, पुढे ज्याचं त्याने बघावं. तीनेक वर्षांनी ठोंब मधोमध पोकळ होतो. तेव्हा जूनमध्ये खणून काढ, कुदळीने चार फाके कर, कडेचे फुटवे लाव आणि मधला गाभा टाकून दे.

उद्या संध्याकाळी भाऊ पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर वाळ्याचे आठ ठोंब आणि गवती चहाचे दोन पाठवतेय, ओल्या गोणपाटात बांधून. दोन चांगले पाऊस होईपर्यंत सावलीत ठेव.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवते. मार्चमध्ये तुझा फोन येणार, “आत्या, सगळं गेलं गं.” गेलेलं नसतं. ठोंब मुळाशी धरून जरा ओढ; हलला नाही तर तो जिवंत आहे. शेजारची कुणीतरी म्हणेल, हा काय कचरा वाढवलाय दारात. म्हणू दे. त्याच दिवसांत मुनिया येतात, कणसांना लोंबकळून दाणे टिपतात, लांब पाती चोचीत धरून घरट्यासाठी नेतात. विळा लावायचा तो मेच्या शेवटी, बोटभर नव्हे, चांगला वीतभर बुडखा ठेवून. त्या दिवशी मला फोन कर. मीही इथे तेच करत असेन.

तुझी,
आत्या

ता. क. कापताना लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाल. गवती चहाची पात बोट कापते आणि ते कळतं थेट लिंबू पिळताना.